टेबलावरची बार्शी लाइट : रूळ खरा दिसावा कसा?

या पत्रिकेत खोडव्याची निगा, बेण्याची निवड, हुमणीचा बंदोबस्त आणि उसाच्या बिलाची तारीख हे विषय आपण वर्षानुवर्षे वाचत आला आहात. ते विषय आहेतच, ते कुठे जात नाहीत. परंतु गळीत हंगाम आटोपला, बॉयलर थंड झाला आणि वर्कशॉपात ओव्हरहॉलिंगची खडखड सुरू झाली, की घरोघर थोडी उसंत मिळते. त्या उसंतीत हाताला आणि डोक्याला दोन्हीला काम देईल असा एक विषय आज आपल्यापुढे ठेवीत आहोत. विषय आहे मॉडेल रेल्वेचा, आणि त्यातही रुळाचा.

मॉडेल रेल्वे म्हटली की कोणी म्हणेल, अहो, पोराबाळांचा खेळ तो! चावी दिली की गोल गोल फिरणारी आगगाडी. तशीही असते. पण खऱ्या रेल्वेचे माप घेऊन, त्याच प्रमाणात लहान करून, स्टेशन, झाडे, माणसे, माल यांसकट उभी केलेली गाडी ही वेगळी चीज आहे. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ साली सुरू झाले. ज्यांनी ते पाहिले त्यांना आम्ही काय म्हणतो ते लगेच कळेल.

आता साखर कारखान्याच्या पत्रिकेत हे कशाला? तर त्याचे कारण आपल्या दाराशी आहे. कुर्डुवाडीहून बार्शीकडे जाणारी नॅरोगेज, म्हंजे आपली बार्शी लाइट, एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरच्या योजनेनुसार १८९७ साली सुरू झाली. पुढे एक फाटा लातूरपर्यंत १९११ साली पोचला, दुसरा पंढरपूरवरून मिरजेपर्यंत १९२७ साली. एकूण लांबी २०२ मैल, म्हंजे ३२५ किलोमीटर. १९५४ साली ती सरकारने ताब्यात घेतली. आषाढीचे वारकरी, भुसार माल, बाजारकरी हे सगळे त्या गाडीने गेले आले. नंतर हा मार्ग टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाला. सोय झाली, वेग वाढला, त्याबद्दल तक्रार नाही. पण अडीच फुटी रूळ उचलला गेला तो गेलाच.

आज ज्यांचे वय पन्नाशीपुढे आहे त्यांनी ती गाडी पाहिली. नातवंडांनी पाहिली नाही, पाहणारही नाहीत. त्यांच्यापुढे आपण जे ठेवू तेच त्यांच्या लेखी खरे ठरणार. म्हणून मॉडेल करायचे तर ते खोटे होता कामा नये. आणि मॉडेल खोटे पडते ते बहुतेक वेळा रुळावर. इंजिन सुबक असते, डबे सुरेख रंगवलेले असतात, आणि खाली चकचकीत जाड रूळ, प्लास्टिकचे काळेभोर स्लीपर. रेशमी फेटा बांधावा आणि पायात दोन वेगळ्या वहाणा घालाव्या, तसले ते दिसते.

आधी हिशेब

जगात सर्वांत जास्त चालणारे प्रमाण १:८७ आहे. त्याला एच.ओ. म्हणतात, म्हंजे ओ या जुन्या मापाच्या निम्मे. खऱ्या ८७ मिलिमीटरचा इथे एक मिलिमीटर होतो. पाच फूट पाच इंची माणूस १९ मि.मी. उंचीचा, आणि तीन मीटर वाढलेला ऊस ३४ मि.मी. उंचीचा.

बार्शी लाइटचे गेज, म्हंजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधले अंतर, ७६२ मि.मी. त्याला ८७ ने भागले की ८.७६ मि.मी. येते. बाजारात ९ मि.मी. चा रूळ तयार मिळतो. फरक पाव मिलिमीटरचा, तोही पुरता नाही. एवढा चालेल.

पण ब्रॉडगेजचा हिशेब तसा नाही. आपले ब्रॉडगेज १६७६ मि.मी., त्याचे १:८७ ला १९.२६ मि.मी. झाले पाहिजेत. दुकानात मिळणारा एच.ओ. रूळ असतो १६.५ मि.मी. चा, कारण तो युरोप-अमेरिकेच्या १४३५ मि.मी. गेजवरून काढलेला आहे. त्यावर आपली गाडी ठेवली तर खऱ्या मापात २४१ मि.मी., म्हंजे जवळजवळ वीतभर अरुंद रुळावर ती उभी राहते. अंगापेक्षा पाय बारीक, अशी गत.

नॅरोगेज निवडण्याला आणखी एक सोयीचे कारण आहे. वळणाची त्रिज्या. रेल्वेत वळण अंशात मोजतात आणि १७५० ला अंशाने भागले की त्रिज्या मीटरमध्ये मिळते. ब्रॉडगेजवर १० अंशांपर्यंत वळण चालते, म्हंजे १७५ मीटर त्रिज्या. मॉडेलात ती दोन मीटर होते. अर्धे वर्तुळ घालायला चार मीटर रुंदीची खोली लागली. नॅरोगेजला ४० अंशांपर्यंत मुभा आहे, म्हंजे सुमारे ४४ मीटर, मॉडेलात अवघी ५० सेंटिमीटर. आपल्या सोप्यातल्या टेबलावर खरे वळण बसते, त्याला लबाडी करावी लागत नाही.

मात्र सगळी लाइन करण्याच्या फंदात पडू नये. ३२५ किलोमीटरला ८७ ने भागले तरी पावणेचार किलोमीटर उरतात! एक लहान स्टेशन, एक लूप, एक सायडिंग, पलीकडे चार वाफे ऊस. आठ फूट लांब आणि दीड फूट रुंद फळीवर हे छान बसते.

ज्यांची नजर उतारवयामुळे बारीक कामाला पुरत नाही त्यांनी १:४८ चे प्रमाण धरावे. गंमत अशी की त्या प्रमाणात १६.५ मि.मी. चा दुकानी रूळ ७९२ मि.मी. दाखवतो, म्हंजे अडीच फुटी गेजच्या बराच जवळ येतो. जो रूळ ब्रॉडगेजला खोटा तोच इथे उपयोगी पडतो.

रुळाची उंची : इथेच फसगत

मॉडेलच्या रुळाची उंची इंचाच्या हजाराव्या भागात सांगतात आणि त्याला कोड म्हणतात. कोड १०० म्हंजे इंचाचा दहावा भाग, २.५४ मि.मी. त्याला ८७ ने गुणा. २२१ मि.मी. येते. आता आपल्या मेन लाइनवरचा आजचा जड रूळ, मीटरला ६० किलो वजनाचा, तोही १७२ मि.मी. उंच असतो. म्हंजे खेळण्यातला रूळ खऱ्यापेक्षा वीतभर नाही तरी चांगला दोन इंच चढा.

नॅरोगेजसाठी जो तयार रूळ मिळतो तो पुष्कळदा कोड ८० चा असतो. २.०३ मि.मी. गुणिले ८७, म्हंजे १७७ मि.मी. आणि बार्शी लाइट तर हलकी लाइन. कॅलथ्रॉपचा सगळा भर यावर होता की इंजिन असो, डबा असो, कुठल्याही आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही. भार सारखा वाटला म्हणून यार्डाला ३० पौंड वजनाचा हलका रूळ पुरला. असला रूळ उंचीने तीन इंचांच्या आसपास. त्या जागी मेन लाइनच्या राजधानी गाडीला लाजवील असा रूळ टाकला, तर कॅलथ्रॉपने केले काय हे मॉडेल पाहणाऱ्याला कळायचे नाही. लाइन स्वस्तात कशी झाली, गावोगाव कशी पोचली, ते सगळे त्या बारीक रुळात आहे.

मग कोणता घ्यावा? मापाने कोड ४० बरोबर, १ मि.मी. उंच. पण एक अडचण आहे. तयार चाकांची आतली कड, जिला फ्लँज म्हणतात, ती जाड आणि खोल असते. कोड ४० वर ती स्लीपरच्या डागांना घासते आणि गाडी टकटक उडते. कोड ४० घ्यायचा तर चाके बदलून बारीक कडेची घालावी लागतात. आमच्या मते नव्या माणसाने कोड ५५ घ्यावा. १.४ मि.मी., खऱ्या मापात १२२. थोडा चढा आहे, पण रंग दिल्यावर डोळा तक्रार करीत नाही आणि गाडी सुरळीत चालते. धातू निकेल सिल्व्हर घ्यावा. नाव सिल्व्हर असले तरी त्यात चांदी नसते. पितळेपेक्षा तो कमी काळवंडतो.

स्लीपर मोजा, अंदाज करू नका

आपल्या रेल्वेत नॅरोगेजच्या लाकडी स्लीपरचे प्रमाण माप १५० सें.मी. लांब, १८ सें.मी. रुंद, ११.५ सें.मी. जाड असे आहे. ८७ ने भागून १७.२ मि.मी., २.१ मि.मी. आणि १.३ मि.मी. आगपेटीच्या काडीची जाडी साधारण या घरात येते, त्यामुळे काड्या घासून पुसून वापरणारेही आहेत. लोखंडी स्लीपर असलेल्या जागी जाड कागद दुमडून उपड्या पन्हाळीसारखा आकार द्यावा. कुठे लाकूड होते आणि कुठे लोखंड, हे ज्या स्टेशनचे मॉडेल करायचे त्याच्या जुन्या फोटोवरून ठरवावे.

स्लीपरमधले अंतर हा दुसरा मुद्दा. ब्रॉडगेजवर १३ मीटरच्या एका रुळाखाली २० स्लीपर असा एक प्रघात होता. हलक्या लाइनचे अंतर वेगळे. फोटोत एका जोडापासून दुसऱ्या जोडापर्यंत बोट ठेवून स्लीपर मोजावेत. दुकानी रुळावर ते परदेशी चालीने बसवलेले असतात, कंगव्याच्या दातांसारखे एकसारखे. खऱ्या हलक्या लाइनवर एखादा तिरपा असतो, एखादा टोकाला चिरलेला, एखादा नवा घातलेला म्हणून गडद. तीस स्लीपरांत दोन-तीन असे हवेत. जास्त केले तर लाइन मोडकळीला आल्यासारखी दिसते. गँगचा मुकादम ते सहन करील का, हा विचार करून हात चालवावा.

पाया : पावसाळ्याचा विचार आधी

घराला जोते तसे रुळाला पाट. १२ मि.मी. चा चांगला मरीन प्लाय, खाली सागवानी किंवा तत्सम सुक्या लाकडाची चौकट, दर फुटाला एक आडवी पट्टी. कापल्यावर सर्व बाजूंनी, कडांनासुद्धा, वॉर्निशचे दोन हात द्यावेत. आपल्याकडे एप्रिलचा उन्हाळा आणि जुलैची दमट हवा यांत लाकूड आक्रसते नि फुगते. रूळ वाकडा होतो तो पुष्कळदा उन्हाने नव्हे, तर खालची फळी हलल्याने. वाळवीचे औषध मारायला विसरू नये. गुण्या लावून चौकट पाहावी, पाणसळ ठेवून सपाटी पाहावी.

फळीवर ३ मि.मी. कॉर्कची पट्टी चिकटवावी. ती रुळाची भर होते, बाजूला उतार देते आणि गाडीचा आवाज खाते. स्टेशनच्या आवारात मात्र कॉर्क उतरत उतरत जमिनीच्या पातळीला आणावा, कारण हलक्या लाइनच्या यार्डात रूळ जमिनीतच बसलेला असे.

रूळ टाकणे

तयार लवचिक रूळ खिळ्यांनी बसवला तरी चालतो. पण हाताने टाकण्यात जी मजा आहे ती वेगळी, आणि आपल्या वर्कशॉपातल्या फिटर-वेल्डर मंडळींना ते काही अवघड नाही. इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या तांब्याचा थर असलेल्या पट्ट्या घ्याव्यात, स्लीपरच्या मापाने कापाव्यात. दर पाचव्या स्लीपरच्या जागी अशी पट्टी, बाकी लाकडाचे. पट्टीला रुळाचा पाया बारीक सोल्डरने डागायचा. डाग बाहेरच्या अंगाने द्यावा, म्हंजे आतून चाकाला अडथळा होत नाही.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मॉडेलचे इंजिन साधारण १२ व्होल्टवर चालते आणि वीज रुळांतूनच घेते. एक रूळ धन, एक ऋण. तांब्याची पट्टी दोन्हींना जोडते, म्हणून तिच्या मधोमध कानशीने तांबे तोडून रेघ काढलीच पाहिजे. प्रत्येक पट्टीची तपासणी मीटर लावून करावी. शंभरात एक राहिली तरी सगळी लाइन ठप्प. वर्षभर ऊस घातला आणि एका नोंदीपायी बिल अडले, तशी गत होते.

आधी एक रूळ डोळ्याने सरळ करावा. मुकादम गुडघ्यावर बसून, मान खाली घालून रुळाच्या अंगाने नजर टाकतो आणि हात करून सांगतो, "अजून जरा, बास!" अगदी तसेच करावे. वरून पाहून कळत नाही, रुळाच्या पातळीला डोळा न्यावा लागतो. मग दुसरा रूळ गेजच्या ठोकळ्याने पहिल्यावरून बसवावा. असा ठोकळा लेथवर एक टर्नर तासाभरात करून देतो.

सरळ रूळ एकदम वळणात शिरू नये. वळण हळूहळू घट्ट होत गेले पाहिजे, नाहीतर डबे मान मोडल्यासारखे झटका देतात. वळणावर बाहेरचा रूळ किंचित उचलावा. खऱ्या लाइनवर याला कँट म्हणतात. मॉडेलात पोस्टकार्डाच्या जाडीची पट्टी बाहेरच्या कडेखाली सरकवली की काम होते. त्याने गाडीला डौल येतो.

जोड दाखवायला रुळाच्या माथ्यावर बारीक करवतीने नुसती खूण करावी, बाजूला फिशप्लेटचा तुकडा चिकटवावा. सरळ मार्गावर दोन्ही रुळांचे जोड समोरासमोर येतात. त्या खुणांवरून चाक गेले की जो खट-खट आवाज निघतो, तो ऐकून जुन्या माणसांचे चेहरे उजळतात, हे आम्ही पाहिले आहे. खरी फट मात्र मीटर-दीड मीटरवर एकदा, पोस्टकार्ड जाईल इतकी, ठेवावी.

सांध्याचे काम सर्वांत नाजूक. सांधेवाला सांधा बदलतो म्हंजे दोन निमुळत्या जिभा एका अंगावरून दुसऱ्या अंगाला सरकतात, आणि पुढे क्रॉसिंगवर डावा रूळ उजव्याला छेदतो. तिथे धन-ऋण एकत्र आले की शॉर्ट. म्हणून क्रॉसिंगच्या चारही बाजूंना रुळात फट पाडून तो भाग सुटा करावा आणि सांधा ज्या बाजूला लागेल त्या बाजूची वीज त्याला स्विचमधून द्यावी. खऱ्या लाइनवर १ इन ८½, १ इन १२ असे क्रॉसिंग असतात. टेबलावर जागा कमी, म्हणून लोक १ इन ५ किंवा ६ घेतात. जमेल तितके लांब घ्यावे. सांधा जितका लांबट तितकी गाडी खऱ्यासारखी सरकते.

रूळ झाला की इंजिन लावायची घाई करू नये. एक मोकळा डबा बोटाने हळू ढकलत न्यावा, पुढे नि मागे. जिथे तो अडखळेल तिथे खडूची खूण. खडी पडल्यावर दुरुस्ती फार जड जाते. आम्ही फूटभर रूळ हाताने टाकून पाहिला, त्याला तीन संध्याकाळी गेल्या. म्हणून धीर धरणाऱ्याचेच हे काम.

रंग आणि खडी

नवा रूळ चांदीसारखा चमकतो. खरा रूळ फक्त माथ्यावर चमकतो, बाजूने तो तांबूस तपकिरी असतो. बाजाराचा रंग आणायला हवाच असे नाही. गेरू आणि काजळी मॅट वॉर्निशमध्ये कालवावी, बारीक कुंचल्याने रुळाच्या दोन्ही बाजूंना लावावी, आणि ओली असतानाच माथा कापडाने पुसून घ्यावा. स्लीपर काळे ठेवू नयेत. जुने लाकूड उन्हाने राखी पडते. पातळ केलेली काळी शाई फिरवली की ते बरोबर उतरते. जिथे इंजिन पाणी घ्यायला थांबे तिथे तेलाचे काळे डाग आणि राखेचा थर, एवढा फरक करावा.

आता खडी. खरी खडी साधारण ५० मि.मी. ची. ८७ ने भागले की अर्ध्या मिलिमीटरच्या जरा वर. लोक मॉडेलला जाड वाळू टाकतात. दोन मिलिमीटरचा कण म्हंजे खऱ्या मापात पावणेदोनशे मिलिमीटरचा धोंडा! त्यावर गँगमन चालणार कसा? शिवाय परदेशी पाकिटातली खडी पांढरट किंवा गुलाबी असते. आपल्या मुलखात दगड काळा, बेसॉल्टचा. तेव्हा क्रशरची बारीक कच आणावी, मैद्याच्या चाळणीने चाळावी, आणि उरलेली भुकटी फडक्याने वस्त्रगाळ करून काढून टाकावी. मधला माल तो आपला.

त्यावर एकदा चुंबक फिरवायचे विसरू नका. काळ्या दगडात लोहचुंबकाचे कण असतात. ते इंजिनाच्या मोटरला चिकटले की मोटर बसते. हा सल्ला परदेशी पुस्तकात सापडो न सापडो, दख्खनच्या पठारावर तो हवाच.

खडी कोरडी टाकावी, मऊ कुंचल्याने स्लीपरमध्ये सारखी करावी, स्लीपरच्या माथ्यावर आणि रुळाच्या आतल्या अंगाला एकही कण राहू देऊ नये. मग पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब घालून तुषार मारावा. त्याशिवाय गोंद आत मुरत नाही, वरच्या वर गोळ्या होतात. नंतर पांढरा गोंद आणि पाणी समभाग करून औषधाच्या ड्रॉपरने थेंब थेंब सोडावे. रात्रभर हात लावू नये. सांध्याच्या जिभांपाशी गोंद नको, तिथे खडी नुसती दिसण्यापुरती. दुसऱ्या दिवशी माथा स्पिरिटच्या फडक्याने पुसून गाडी सोडावी.

स्टेशनाबाहेर खडी दिसावी, यार्डात ती मातीत लपावी. सायडिंगवर कुंदा, हरळी उगवलेली दाखवावी. वॅगन भरायच्या जागी वाळक्या पाचटाचे बारीक तुकडे, दोन-चार चिपाडे. पलीकडे उसाचा फड उभा करायचा तर काथ्याचे ३४ मि.मी. चे तुकडे हिरवे रंगवून ओळीत लावावेत, सरीचे अंतरही ८७ ने भागावे. आपण शेतकरी, सरी चुकली तर हसे होईल!

कुर्डुवाडीची कसोटी

ज्याला कुर्डुवाडी करायची त्याच्यापुढे खरा पेच उभा राहतो. तिथे मेन लाइनचे ब्रॉडगेज आणि बार्शी लाइट शेजारी शेजारी. माल एका वॅगनमधून काढून हमालांच्या पाठीवरून दुसऱ्या वॅगनमध्ये जायचा. १६७६ ला ७६२ ने भागले तर २.२ येते. म्हंजे मोठा रूळ लहान रुळाच्या सव्वादोन पट रुंद. दुकानी १६.५ आणि ९ शेजारी ठेवले तर १.८ पटच होतो. ज्याने कुर्डुवाडी पाहिली त्याचा डोळा लगेच म्हणणार, "काहीतरी चुकलंय." काय चुकले ते त्याला सांगता येणार नाही, पण पटणार नाही.

इंग्लंडात असाच वाद झाला. तिथल्या १:७६ प्रमाणाच्या गाड्याही १६.५ मि.मी. च्या अरुंद रुळावर धावत आल्या आहेत. १९६० नंतरच्या दशकात काही हौशी मंडळींनी ठरवले की हे चालणार नाही, आणि १८.८३ मि.मी. असे शतांशापर्यंत बिनचूक गेज धरून रूळ, चाके, सांधे सगळे हाताने केले. बाकीचे त्यांना हट्टी म्हणाले. पण त्यांचा रूळ पाहिला की हट्ट कशासाठी ते कळते.

आपण इतके करावे का? सगळीकडे नाही. आम्ही असे सुचवू : नॅरोगेज ९ मि.मी. वर चालते ठेवावे, आणि ब्रॉडगेजचा एकच फूट-दोन फुटांचा तुकडा १९.२६ मि.मी. ने हाताने टाकून त्यावर एक वॅगन नुसती उभी ठेवावी. तिला मोटर नको, वीज नको. जुन्या मेन लाइनचा ९० पौंडी रूळ १४३ मि.मी. उंच, त्याला कोड ७० जवळचा आहे. मध्ये हमाल, पोती, तराजू. चालणारी गाडी चालेल आणि उभा रूळ खरे सांगेल.

हे कशासाठी

रॉय इंग्लंड नावाचा एक ऑस्ट्रेलियन गृहस्थ १९२५ साली इंग्लंडात आला. ऑक्सफर्डजवळच्या खोऱ्यातली जुनी गवती छपराची घरे एकेक करून बदलताना त्याने पाहिली. त्याने ती थांबवली नाहीत, थांबणारही नव्हती. त्याने मापे घ्यायला सुरुवात केली. घर, कुंपण, रस्ता, रेल्वे, सगळे १:७६ मध्ये उभे करायचे ठरवले. त्यातून १९५४ साली पेंडन संग्रहालय निघाले. जे मोडले ते परत आले नाही, पण कसे होते ते कळायची सोय राहिली.

उसाच्या गाड्यांचेही तेच. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड प्रांतात दोन फुटी रुळांचे सुमारे ४,००० किलोमीटरचे जाळे आजही शेतातून कारखान्यात ऊस वाहते, आणि तिथले लोक त्याची मॉडेल करतात. त्यांना माप घ्यायला बांधावर जायचे. आपल्याला ती सोय नाही. आपल्याकडे उरले आहेत फोटो, कागद, आणि काही माणसांची आठवण. त्यातली आठवण सर्वांत आधी जाते.

म्हणून विनंती. आपल्यापैकी कोणी गँगमन, चावीवाला, सांधेवाला, खलाशी म्हणून त्या लाइनवर काम केले असेल, किंवा घरात वडील-चुलते असतील, त्यांच्याजवळ बसून विचारा. स्लीपर लाकडी होते की लोखंडी, खडी किती पडायची, सांध्याचे हँडल कुठल्या अंगाला होते. लिहून ठेवा, तारीख घाला. फोटोच्या मागे गाव आणि साल लिहा. कोणाच्या गोठ्याला लिलावात घेतलेल्या जुन्या रुळाचा खांब असेल तर त्याची उंची, माथ्याची रुंदी, पायाची रुंदी व्हर्निअरने मोजा, आणि मधल्या पोटावर पाहा. रूळ लाटतानाच कारखान्याचे नाव आणि साल उठवायची पद्धत आहे. गंज हलक्या हाताने काढला तर अक्षरे दिसतात. रेल्वेच्या हद्दीत जाऊन काही उचलू मात्र नका, तो गुन्हा आहे. आपल्याच गावात पुष्कळ सापडेल.

मापे या पत्रिकेकडे पाठवा, आम्ही ती एकत्र करून छापू. मॉडेल कोणी करो न करो. पण उद्या एखाद्या पोराने करायला घेतले, तर त्याला अंदाजाने करावे लागू नये, एवढे आपल्या हातात आहे. आणि ते पुढच्या हंगामावर टाकण्यासारखे नाही.